उजवा रकाना

माझ्यावर ज्यांचं ऋण आहे त्यांतले एक नाना. दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते पुण्यातल्या एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रात दर शनिवारी संध्याकाळी विनामोबदला बसत. दुसऱ्या सोलापूरच्या एक बाई. त्या चादरी आणि टॉवेल ऑनलाइन विकतात. तिसरे लुधियानाचे एक व्यापारी, ज्यांना मी आजवर पाहिलेलं नाही. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या या तिघांमुळे मला माझं काम सापडलं. ऑनलाइन खरेदीत घेणारा आणि विकणारा यांच्यात वाद झाला की तो कागदावर मांडायचा आणि जमेल तिथे मिटवायचा, हे ते काम. आता माझे शनिवार त्यातच जातात.

नानांची माझी ओळख आईच्या शिलाई मशीनमुळे झाली. आई ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. जुनी मशीन थकली म्हणून मी तिच्यासाठी एका मोठ्या संकेतस्थळावरून नवी मागवली. खोकं घरी आलं तेव्हा आमचा नेहमीचा मिस्त्री गावाला गेला होता. तो परत आल्यावर खोकं उघडलं, तर उजव्या बाजूच्या बिडाच्या चाकाला आरपार तडा. तोवर माल परत करायची मुदत उलटून गेली होती. संकेतस्थळाच्या ग्राहक सेवेत रोज नवा आवाज आणि रोज तेच उत्तर: ‘मुदत संपली आहे.’ विक्रेत्याशी बोलायची सोय नव्हती. आईची लग्नसराईची कामं हातात होती आणि मशीन भिंतीला टेकून उभी होती.

कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही दोघी केंद्रात गेलो. वाचनालयामागची एक खोली, लाकडी टेबल, फाइलींचं कपाट. नानांनी आधी माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. पैसे परत हवेत, नुकसानभरपाई हवी, कंपनीला धडा मिळायला हवा, असं मी बरंच बोलले. त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही. मग ते आईकडे वळले आणि म्हणाले, “वहिनी, मशीन कुणाची? तुमची ना? मग तुम्ही सांगा, तुम्हाला काय हवंय?”

आई म्हणाली, “मला चाक हवंय. मशीन चांगली आहे हो.”

नानांनी बिल मागितलं. बिलावर विक्रेत्याचं नाव होतं, लुधियानाचा पत्ता होता. शिलाई मशीन बनवण्यासाठी ते शहर प्रसिद्ध आहे. नानांनी तिथल्या तिथे हिंदीत पत्र लिहायला घेतलं. त्यात खरेदीची तारीख, बिलाचा क्रमांक, माल पोचल्याची तारीख, खोकं उशिरा का उघडलं त्याचं खरं कारण आणि शेवटी एकच मागणी होती: चाक पाठवा. धमकीचं एक वाक्यही नव्हतं. सोबत तडा गेलेल्या चाकाचा फोटो. पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं आणि काही दिवसांत लुधियानाहून फोन आला. ते गृहस्थ म्हणाले की संकेतस्थळाने ही तक्रार आमच्यापर्यंत पोचवलीच नाही, नाहीतर चाक कधीच निघालं असतं. कुरियरने चाक आलं आणि त्यासोबत न मागता एक जादा पट्टाही आला. आई आजही त्या मशीनवर शिवते.

पुढच्या शनिवारी मी नानांना पेढे द्यायला गेले. त्यांनी एक पेढा घेतला आणि टेबलावरच्या ढिगाकडे बोट दाखवून विचारलं, “अगं, तुझं अक्षर बरं आहे का?” त्या दिवसापासून मी तिथे बसू लागले.

नानांच्या मागे एक मोठी परंपरा होती आणि ती सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, शेजारपाजारच्या घरांनी गट करून महिन्याचा किराणा एकत्र घ्यायची पद्धत तिने रुजवली. ग्राहकाच्या बाजूने वेगळा कायदा येण्याआधी महाराष्ट्रातली साधी माणसं हे करत होती. तो कायदा १९८६ साली आला. २४ डिसेंबरला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. नाना म्हणायचे, “कायदा नंतर आला. आधी लोक एकत्र बसले. आपण बसणं सोडायचं नाही.”

त्यांची कामाची रीत साधी आणि कडक होती. फुलस्केप कागदावर ते तीन रकाने आखत. मधल्या रकान्यात तारखा. डाव्या रकान्यात त्या तारखेला घेणाऱ्याने काय केलं, काय म्हटलं. उजव्या रकान्यात विकणाऱ्याने काय केलं, काय म्हटलं. दोन्ही बाजूंना विशेषणं चालत नसत. ‘उद्धटपणे बोलले’ असं कुणी सांगितलं की नाना विचारत, “शब्द काय होते?” शब्द आठवत असतील तर लिहायचे, नसतील तर ती ओळ सोडून द्यायची. प्रत्येक ओळीपुढे पुरावा: ऑर्डर क्रमांक, पैसे पाठवल्याचा यूटीआर क्रमांक, तक्रारीचा तिकीट क्रमांक, पार्सलचा वेबिल क्रमांक. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि वेळ दिसलीच पाहिजे. छापील प्रत ग्राहक आयोगात द्यायची असेल तर सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. तेव्हा ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली द्यावं लागे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावं लागतं.

कागद पुरा झाला की बरेचदा तक्रारदार स्वतःच म्हणायचा, “अच्छा, म्हणजे घोळ इथे झाला तर.” तो क्षण मी पुष्कळदा पाहिला आहे. रागात माणसाला शेवटची घटना आठवते. तारखा लावल्या की पहिली सापडते.

त्याआधी नाना आणखी एक गोष्ट करत: आलेलं प्रकरण कोणत्या जातीचं आहे ते ठरवत. त्यांच्या लेखी ऑनलाइन व्यवहारातली तक्रार तीन प्रकारची. वस्तू किंवा सेवा ठरल्याप्रमाणे मिळाली नाही, तर तो वाद. पैसे खात्यातून गेले पण पोचले नाहीत, तर तो अडकलेला व्यवहार. आणि समोरचा माणूस मुळात विक्रेता किंवा खरेदीदार नव्हताच, तर ती चोरी.

हे वेगळं करणं किती मोलाचं आहे ते एका संध्याकाळी कळलं. एका आजींनी जुना सोफा विकायची जाहिरात दिली होती. ‘खरेदीदारा’ने पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला, तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितला आणि खातं रिकामं केलं. आजी त्या माणसाविरुद्ध तक्रार अर्ज लिहून घ्यायला आल्या होत्या. नानांनी कागद पुढे ओढलाच नाही. “आजी, अर्ज नंतर लिहू. आधी बँकेला फोन.” आज त्याच्या जोडीने १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक लावायचा, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तो गोठवता येतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, बँक आणि ग्राहक दोघांचाही दोष नसताना झालेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर भार पडत नाही. ग्राहकाने स्वतः पिन दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून चोरीत घड्याळ बघायचं, वादात कॅलेंडर.

अडकलेल्या व्यवहाराला भांडावंच लागत नाही, एवढं माहीत असलं तरी पुरतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये मुदती ठरवून दिल्या. यूपीआयने दुकानदाराला पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण दुकानदाराला पोचल्याची खूण आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. कितीतरी लोक अशा वेळी दुकानदाराला चोर ठरवून येत. त्या गरीब माणसाच्या हातात पैसे पडलेलेच नसत.

मोठी अडचण खऱ्या वादात यायची. जुन्या कायद्यात तक्रार जिथे जाबदेणाऱ्याचा धंदा आहे किंवा जिथे तक्रारीचं कारण घडलं तिथे दाखल करायची. दुकान समोर असलं तर प्रश्न नसे. पण पुण्यात बसून फोनवर मागवलेल्या, गुरगावच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून सुरतेच्या विक्रेत्याने पाठवलेल्या मालाचं कारण घडलं कुठे? या एका मुद्द्यावर तारखांमागून तारखा जात.

२० जुलै २०२० ला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू झाला तेव्हा टाळेबंदी होती आणि केंद्र बंद होतं. नानांचा फोन आला. त्यांनी मला कलम ३४ वाचून दाखवलं. तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येईल. “कळलं का तुला? आता माणसाला न्यायासाठी दुसऱ्याच्या गावी जायला नको.” तीन दिवसांनी ई-कॉमर्स नियम आले, तेही त्यांनी फोनवरच वाचून दाखवले. प्रत्येक ऑनलाइन बाजाराने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत कळवायचं, एका महिन्यात निवारण करायचं, प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचा. खरेदी झाल्यावर ग्राहकाने लेखी मागितलं तर विक्रेत्याचा पत्ता द्यायचा. सदोष माल किंवा जाहिरातीत सांगितलं तसा नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार द्यायचा नाही. आईच्या मशीनच्या वेळी आमच्यापाशी यातलं काहीच नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरात ई-दाखिल सुरू झालं आणि घरबसल्या तक्रार दाखल करायची सोय झाली. आता त्याची जागा ई-जागृतीने घेतली आहे. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षं. आणि आयोगात जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर बरीच प्रकरणं तिथेच सुटतात.

सोलापूरच्या बाईंचं प्रकरण त्यानंतरचं. कोथरूडचे एक निवृत्त शिक्षक केंद्रात आले. त्यांनी चार सोलापुरी चादरी मागवल्या होत्या. रंग फोटोतल्यापेक्षा वेगळे निघाले म्हणून त्यांनी मुदतीत पार्सल परत केलं. संकेतस्थळाने पैसे अडवून ठेवले आणि कारण दिलं: ‘परत आलेला माल मूळ माल नाही.’ आयुष्यभर मुलांना शिकवलेल्या त्या माणसाच्या सचोटीवर कुणीतरी शंका घेतली होती. बोलताना त्यांचा आवाज कापत होता.

डावा रकाना भरला. उजवा रिकामा होता. नाना म्हणाले, “विक्रेत्याला फोन लाव.”

फोन एका बाईंनी उचलला. घरात तेलुगू, बाहेर मराठी. नवरा यंत्रमागावर, त्या फोटो काढणार, पॅकिंग करणार, ऑर्डरी बघणार. ग्राहक केंद्रातून बोलतेय म्हटल्यावर त्या घाबरल्या. मी सांगितलं की तुमच्यावर केस करायला फोन केलेला नाही, तुमच्याकडे काय घडलं ते लिहून घ्यायचंय. क्षणभर त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ओ ताई, मला आजपर्यंत कुणी विचारलंच नाही की.”

त्यांच्याकडे परत आलेल्या पार्सलमध्ये वापरलेल्या, विटलेल्या दोनच चादरी होत्या, त्याही दुसऱ्याच कुणाच्या. मालाचे पैसे त्यांच्या खात्यातून कापले गेले होते आणि वर परतीच्या वाहतुकीचा खर्चही. त्यांना वाटत होतं, पुण्यातल्या माणसाने गंडवलं. पाठवताना त्यांनी पॅकिंगचा व्हिडिओ केला होता. त्यात पार्सल काट्यावर ठेवलेलं स्पष्ट दिसत होतं: सुमारे साडेचार किलो. शिक्षकांकडे पार्सल परत नेल्याची पावती होती, तिच्यावरही जवळपास तेवढंच वजन. सोलापूरला पोचताना वेबिलवर वजन होतं सव्वादोन किलो.

दोन्ही रकाने शेजारी शेजारी भरले आणि उत्तर समोर आलं. दोघंही खरं बोलत होते. माल बदलला तो मधल्या गोदामांत कुठेतरी. दोघांचे पैसे अडकवून ठेवणाऱ्या व्यवस्थेकडे परत नेतानाचं आणि पोचतानाचं अशी दोन्ही वजनं आधीपासून होती, फक्त ती एकत्र कुणी वाचली नव्हती. नानांनी संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एकच पत्र पाठवलं, घेणारा आणि विकणारी दोघांच्याही सहीचं. महिन्याच्या आत शिक्षकांना पैसे मिळाले आणि बाईंच्या खात्यातून कापलेली रक्कमही परत आली. शिक्षकांनी नंतर थेट त्यांच्याकडून चादरी मागवल्या, या वेळी रंग व्हिडिओ कॉलवर बघून.

त्या बाईंचं माझ्यावर ऋण आहे ते त्या एका वाक्यासाठी. मला कुणी विचारलंच नाही. तोवर मी मनाने नेहमी डाव्या रकान्यात बसत होते, कारण तिथे बसलेली माणसं समोर दिसत आणि उजवीकडची दिसत नसत. ऑनलाइन बाजारात विकणारा म्हणजे प्रत्येक वेळी मोठी कंपनी नसते. इचलकरंजीची, पैठणची, मालवणची अशी कितीतरी घरं आता फोनवरून माल विकतात. त्यांची ढाल फार पातळ आहे. संकेतस्थळाशी वाद झाला तर त्यांना ग्राहक म्हणून आयोगापुढे उभं राहणं अवघड, कारण ती धंदा करतात. करारात बहुधा लवादाचं कलम असतं आणि लवादाचं ठिकाण दूरच्या महानगरात. काही हजारांच्या रकमेसाठी तिथे कोण जाणार?

पुढे मी या विषयावर वाचू लागले, तेव्हा १९९९ सालचा एक प्रयोग भेटला. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावरचे वाद मिटवता येतील का, हे पाहण्यासाठी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या ईथन कॅट्श यांच्या केंद्राने एक मध्यस्थ नेमला. त्याने दोन आठवड्यांत दोनशेवर तक्रारी ईमेलवरून हाताळल्या. अनोळखी माणसांमधला वाद त्यांना समोरासमोर न आणताही मिटवता येतो, हे त्यातून दिसलं. पुढे हेच काम संगणकावर गेलं आणि ईबे वर्षाला सहा कोटींच्या घरात वाद हाताळू लागलं, त्यातले बहुतेक माणसाचा हात न लागता. ते कसं चालायचं हे मी नानांना समजावून सांगितलं: यंत्र दोघांनाही तेच प्रश्न विचारतं, पर्यायांतून काय घडलं ते निवडायला लावतं, तारखा भरून घेतं आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला दाखवतं. नाना समाधानाने म्हणाले, “म्हणजे रकाने पाडतं. छान करतं.”

आपल्याकडेही हालचाल आहे. न्यायमूर्ती सिक्री यांच्या समितीचा ऑनलाइन वाद निवारणावरचा अहवाल नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या मध्यस्थी कायद्यात ऑनलाइन मध्यस्थीची तरतूद आहे. ग्राहक आयोगांनाही आता प्रकरण मध्यस्थीकडे पाठवता येतं. मला याचा मनापासून आनंद आहे, कारण केंद्रातल्या टेबलापाशी जे थोड्यांना मिळत होतं ते त्यामुळे पुष्कळांना मिळू शकेल.

नाना गेले त्याला आता काही वर्षं झाली. आजारपणातही ते फोनवरून प्रकरणं विचारत आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: “उजवीकडे काय लिहिलंस?” त्यांनी माझ्याकडून कधी काही घेतलं नाही, त्या पेढ्याखेरीज. लुधियानाचे व्यापारी आणि सोलापूरच्या बाई यांना तर आपण कुणाला काही दिलं याची कल्पनाही नसेल. एकाने न मागता पट्टा पाठवला, दुसऱ्या खरं बोलल्या.

अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवायचे आणि अनोळखी माणसाला आधी माल पाठवायचा, यावर हा सगळा ऑनलाइन बाजार उभा आहे. तो विश्वास जाहिरातींनी टिकत नाही. वाद झाल्यावर आपलं ऐकून घेतलं जाईल, या खात्रीने टिकतो. आज झटपट परतावा देणं सोपं झालं आहे, पण तो अनेकदा समोरच्याला न विचारता त्याच्या खिशातून दिला जातो. आणि नकारही तसाच, ग्राहकाला कारण न दाखवता. दोन्हीकडे अन्याय सारखाच आहे. नानांच्या टेबलावर चालणारी रीत प्रत्येक संकेतस्थळाला सहज परवडेल, कारण लागणारी सगळी माहिती त्यांच्याचकडे असते. त्या तिघांचं ऋण मानून मी एवढंच मागते: पैसे कापण्याआधी किंवा अडवण्याआधी दोघांनाही विचारा, आणि दोघांनी काय सांगितलं ते दोघांनाही दाखवा.